प्रोसेसरने झोपावे कधी?

सानपाडा स्टेशनबाहेर रांगेत उभा असलेला रिक्षावाला इंजिन बंद ठेवतो. सिग्नलला मात्र शेवटचे पाच-सात सेकंद उरले असतील, तर तो ते चालूच ठेवतो. इंजिन पुन्हा सुरू करण्याचा खर्च थांबण्यातून वसूल व्हायला हवा, हा त्याचा साधा हिशेब. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रोसेसरबाबत हाच निर्णय सेकंदाला शेकडो, कधी हजारो वेळा घेतो.

आमच्या शेजारच्या महापे-रबाळे-ऐरोली पट्ट्यात डेटा सेंटर्स उभी आहेत. सर्व्हर कायम राबत असतो, अशी समजूत असते. प्रत्यक्षात दोन कामांच्या मध्ये तो क्षणभर रिकामा असतो, आणि अशा क्षणांची बेरीज मोठी होते.

या रिकामपणात प्रोसेसरचे कोअर वेगवेगळ्या खोलीची झोप घेतात. ‘सी-१’ ही डुलकी. कोअरचे घड्याळ तेवढे थांबते. ‘सी-६’मध्ये कोअरची वीज जवळजवळ तोडली जाते, त्याआधी त्याची स्थिती दुसरीकडे जपून ठेवावी लागते. प्रत्येक पायरीसाठी लिनक्सच्या तक्त्यात दोन आकडे असतात : जागे व्हायला लागणारा वेळ, आणि किमान किती झोप मिळाली तर ती परवडते. इंटेलच्या स्कायलेक सर्व्हर प्रोसेसरसाठी सी-१चे आकडे २ आणि २ मायक्रोसेकंद आहेत. सी-६चे १३३ आणि ६००. झोप किती लांबेल याचा अंदाज कर्नल पुढचा टायमर आणि अलीकडच्या झोपा पाहून बांधतो.

हे आकडे येतात कुठून? २०२१मध्ये आइसलेक सर्व्हरसाठी सी-६चा जागे होण्याचा वेळ १२८वरून १७० केला गेला. प्रोसेसर बदलला नव्हता. १२८ हा मोजणीतला मध्यक होता. १७० हा असा आकडा, की दहा हजारांत एखादीच जाग त्याहून उशिरा येते. ज्याला उत्तर वेळेत हवे आहे त्याला मध्यकाचा काय उपयोग? त्याच वेळी परवडणाऱ्या झोपेची मर्यादा ३८४वरून ६०० झाली. ३८४, ६०० आणि १००० असे तिन्ही आकडे तपासून ही तडजोड निवडली होती. त्यामुळे काही कामांत सी-६ची झोप कमी मिळणार, हेही मान्य केले होते.

सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींचा एक लाडका उपाय आहे : उशीर नको, म्हणून खोल झोप सरसकट बंद. मला तो आळशीपणाचा वाटतो. वीज तर जातेच. शिवाय काही कोअर सी-६मध्ये असले, तर कामात असलेल्यांना टर्बोचा जास्त वेग मिळू शकतो. सगळ्यांना जागे ठेवून आपण तीही संधी घालवतो.

त्याऐवजी कर्नलनेच ठेवलेले दोन मोजके आधी वाचावेत. ‘अबव्ह’ म्हणजे निवडलेली पायरी परवडण्याआधीच कितीदा जागे व्हावे लागले. ‘बिलो’ म्हणजे आणखी खोल झोपता आले असते, असे कितीदा झाले. सी-६चा ‘अबव्ह’ भराभर वाढत असेल आणि कामालाही उशीर खपत नसेल, तर मी तेवढी एक पायरी बंद करतो, तीही ते काम बांधून दिलेल्या कोअरपुरती. बाकीचे कोअर झोपू देतो.