सूक्ष्म हस्तकाम : प्रकाशयोजना व विवर्धन

हिऱ्याला पैलू पाडणे, दागिन्यात खडे बसविणे, धातूवर खोदकाम करणे, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणे, मनगटी घड्याळ दुरुस्त करणे, इलेक्ट्रॉनीय मंडलावर बारीक घटक डाखणे यांसारखी कामे हाताने, पण डोळ्याच्या क्षमतेच्या अगदी सीमेवर करावी लागतात. अशा कामांसाठी योग्य दिशेने येणारा पुरेसा प्रकाश आणि वस्तू मोठी दाखविणारे भिंग या दोहोंची निवड एकत्रच करावी लागते. नुसते भिंग वापरल्यास अंधुक वस्तू अंधुकच, पण मोठी दिसते. नुसता प्रकाश वाढविल्यास डोळे दिपतात आणि डोळ्याच्या भेदनक्षमतेपलीकडचा तपशील तरीही दिसत नाही.

नवी मुंबई व तिच्या आसपासच्या प्रदेशात या प्रकारची कामे निरनिराळ्या पातळ्यांवर चालतात. १९७० साली स्थापन झालेल्या शहर व औद्योगिक विकास महामंडळाने (सिडको) हे शहर वसविले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक क्षेत्रात इलेक्ट्रॉनीय उपकरणांची जुळणी व दुरुस्ती होते. दागिन्यांची निर्यात करणारे कारखाने प्रामुख्याने अंधेरीच्या सीप्झ क्षेत्रात (स्थापना १९७३) एकवटले असले, तरी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या महापे येथील क्षेत्रात जडजवाहीर निर्मितीचे मोठे संकुल उभारण्याचे या व्यवसायाच्या निर्यात प्रोत्साहन परिषदेने ठरविले आहे. पनवेलच्या दक्षिणेस पेण, हमरापूर, जोहे येथे गणेशमूर्तींच्या शेकडो कार्यशाळा आहेत. यांखेरीज प्रत्येक उपनगराच्या बाजारपेठेत सोनार, घड्याळजी व भ्रमणध्वनी दुरुस्त करणारे आहेतच. साधने भिन्न असली, तरी या सर्वांची अडचण मूलतः एकच आहे.

डोळ्याची मर्यादा : निरोगी डोळ्याला एक कला (अंशाचा साठावा भाग) इतक्या कोनीय अंतरावरचे दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. २५ सेंमी. अंतरावर हे प्रमाण सु. ०·०७ मिमी. भरते. शतांश कॅरट वजनाच्या, म्हणजे व्यापारी भाषेत एक ‘पॉइंट’ हिऱ्याचा व्यास सु. १·३ मिमी. असतो आणि पूर्ण पैलूंच्या हिऱ्यावर ५७ किंवा ५८ पैलू असतात. एवढ्याशा खड्याचे पैलू नुसत्या डोळ्यांनी तपासणे का शक्य नाही, हे यावरून लक्षात येईल.

वस्तू जवळ धरली की ती मोठी दिसते, पण जवळच्या वस्तूवर नजर जुळवून घेण्याची शक्ती वयाबरोबर घटत जाते. दहाव्या वर्षी ती १२ ते १४ डायॉप्टर असते, चाळिशीत ४ ते ५, पन्नाशीत सु. २ आणि साठीत जेमतेम १ उरते. या दोषाला आणि त्यावरील चष्म्यालाही मराठीत ‘चाळिशी’ म्हणतात, ते अगदी यथार्थ आहे. त्यातच वृद्धपणी बाहुली लहान होते व नेत्रभिंग पिवळसर पडते. साठीतील माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतील माणसाच्या मानाने सु. एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. कसब जेव्हा परिपक्व झालेले असते, नेमके तेव्हाच नजर साथ सोडू लागते. पुष्कळ कारागीर चष्मा लावणे कमीपणाचे मानून काम दूर धरू लागतात किंवा बारीक काम सोडून देतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आसाममधील चाळिशीपुढील चहा-मजुरांपैकी निम्म्यांना जवळचे पाहण्याचे चष्मे देण्यात आले. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची उत्पादकता सु. २१·७ टक्क्यांनी अधिक वाढली. चहाची पाने खुडणे हे काही खडे बसविण्याइतके बारीक काम नव्हे. त्यामुळे सोनारकामात चष्म्याचे महत्त्व याहून कमी असण्याचे कारण नाही.

हा चष्मा मात्र कामाच्या अंतराला जुळणारा हवा. वर्तमानपत्र सामान्यतः ४० सेंमी.वर धरले जाते व त्यासाठी एकूण २·५ डायॉप्टर शक्ती लागते. सोनार २५ सेंमी.वर काम करतो, तेथे ४ डायॉप्टर लागते. पन्नाशीच्या माणसाने स्वतःच्या उरलेल्या शक्तीपैकी निम्मी, म्हणजे १ डायॉप्टर, सतत वापरली असे धरल्यास (दूरदृष्टीसाठी त्याला नंबर नाही असे गृहीत धरून) त्याला वाचनासाठी १·५ व कामासाठी ३ नंबरचे भिंग लागेल. म्हणून डोळे तपासून घेण्यापूर्वी कारागिराने नेहमीच्या बैठकीत डोळ्यापासून हातातील कामापर्यंतचे अंतर दोऱ्याने मोजून न्यावे. वाचनाच्या चष्म्याने सूक्ष्म काम करणारे अनेकजण डोकेदुखीने हैराण असतात, त्याचे कारण बहुधा एवढेच असते.

भिंगाची निवड : साध्या बहिर्गोल भिंगाचे विवर्धन २५ ला सेंमी.मधील केंद्रांतराने भागून मिळते. २·५ सेंमी. केंद्रांतराचे भिंग दहापट विवर्धन देते. विक्रेते काही वेळा या संख्येत एक मिळवून विवर्धन सांगतात. हेही सूत्र चुकीचे नाही, कारण डोळ्याने पूर्ण ताण देऊन प्रतिमा २५ सेंमी.वर पाहिली असे त्यात गृहीत असते. पण त्यामुळे ८ डायॉप्टरचे एकच भिंग एका दुकानात दुप्पट, तर दुसऱ्यात तिप्पट म्हणून विकले जाते. भिंग घेताना डायॉप्टर किंवा केंद्रांतर विचारणे हे त्यामुळे अधिक सुरक्षित होय.

विवर्धन जसे वाढते, तसे भिंग व वस्तू यांमधील अंतर, एका वेळी दिसणारे क्षेत्र आणि स्पष्ट दिसणारी खोली ही तिन्ही कमी होतात. नवशिके सामान्यतः गरजेपेक्षा अधिक शक्तीचे भिंग घेतात आणि ते लवकरच पेटीत ठेवून देतात, ते यामुळेच. जवाहिऱ्याचे दहापट भिंग (बाजारात ‘आयग्लास’) तपासणीसाठी असते, कामासाठी नव्हे. त्याखाली केवळ अडीच सेंमी. जागा उरते व तीत हत्यार चालविता येत नाही. हिऱ्याची शुद्धता ठरविताना दहापट विवर्धन हे जगभर प्रमाण मानले जाते. त्याखाली दोष दिसला नाही, तर हिरा निर्दोष समजतात. यासाठी तीन काचा चिकटवून केलेले त्रिघटकी भिंग वापरतात. साध्या भिंगात कडेला रंगीत झालर दिसते व रेषा वाकतात. त्रिघटकी भिंगात वर्ण-विपथन व गोलीय विपथन हे दोष बहुतांशी दूर झालेले असतात. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवून वस्तू त्याच्याकडे आणावी, दोन्ही हात एकमेकांना टेकवून स्थिर ठेवावेत आणि दुसरा डोळा उघडाच ठेवावा. तो मिटून धरल्यास चेहऱ्याचे स्नायू लवकर शिणतात.

प्रत्यक्ष काम करताना डोक्याला पट्ट्याने बांधायची दुनेत्री भिंगे सोयीची ठरतात. ३ डायॉप्टरच्या भिंगातून सु. ३३ सेंमी.वर, तर ७ डायॉप्टरच्या भिंगातून सु. १४ सेंमी.वर काम धरावे लागते. दोन्ही डोळ्यांनी पाहता आल्याने खोलीचा अंदाज येतो. एका डोळ्याच्या भिंगाने तो येत नाही. शल्यचिकित्सक व दंतवैद्य वापरतात ती दूरदर्शक पद्धतीची भिंगे अडीचपट विवर्धन देऊनही सु. ४० सेंमी. अंतर राखतात, त्यामुळे मान वाकवावी लागत नाही. मात्र ती महाग असतात. खडे अगदी चिकटून बसविण्याच्या आधुनिक कामात, तसेच मंडलांच्या दुरुस्तीत, त्रिमितीय दुनेत्री सूक्ष्मदर्शक रूढ झाला आहे. त्याचे विवर्धन सु. ७ ते ४५ पटींपर्यंत बदलता येते आणि खाली हत्यारासाठी सु. १० सेंमी. जागा मिळते. मंडलावरील काही घटक १ मिमी. लांब व अर्धा मिमी. रुंद असतात. त्यांचे डाखकाम ७ ते १० पटींवर करतात व जोड तपासताना विवर्धन वाढवितात [⟶ भिंग, सूक्ष्मदर्शक].

प्रकाशाची मात्रा व दिशा : खोलीत साधारणपणे १५० ते ३०० लक्स प्रदीपन असते. ईएन १२४६४-१ या यूरोपीय मानकात दागिने घडविण्यासाठी १,०००, तर रत्नांचे काम व हाताने घड्याळे बनविणे यांसाठी १,५०० लक्स सांगितले आहेत. कामाच्या लगतच्या भागात ५०० लक्स असावेत, अशीही अपेक्षा आहे. काळोख्या खोलीतील एकुलत्या तेजस्वी दिव्याखाली काम केल्यास नजर वर उचलताच बाहुलीला पुनःपुन्हा जुळवून घ्यावे लागते. लहान दिवा ६० सेंमी.वरून ३० सेंमी.वर आणल्यास प्रदीपन चौपट होते, म्हणजे अधिक शक्तीचा दिवा घेण्यापूर्वी असलेला दिवा जवळ आणून पाहावा. लांब नळीच्या दिव्याला हा व्यस्त वर्गाचा नियम जवळच्या अंतरावर लागू पडत नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्यास प्रकाश डावीकडून समोरून यावा, अन्यथा हाताची सावली नेमकी कामावर पडते.

यूरोपातील लेस विणणाऱ्या स्त्रिया मेणबत्तीपुढे पाण्याने भरलेला काचेचा गोल ठेवून प्रकाश एका ठिकाणी एकवटीत असत. तत्त्व बहिर्गोल भिंगाचेच होते. त्याचा धोकाही तोच आहे. दिव्याला जोडलेले मोठे भिंग खिडकीतील उन्हात उघडे राहिल्यास आग लागू शकते; काम संपताच त्यावर झाकण घालणे अगत्याचे आहे.

प्रकाशाची मात्रा पुरेशी असूनही काम दिसत नाही, अशी तक्रार चकाकणाऱ्या पृष्ठांच्या बाबतीत नेहमी आढळते. जिल्हई केलेले सोने आरशासारखे वागते. त्यात पृष्ठाऐवजी दिव्याचेच प्रतिबिंब दिसते. पैठणीच्या जरीचेही तसेच होते. येथे दिवा मोठा व मंद करणे हा उपाय आहे. दिव्यापुढे दुधी काच किंवा पांढरा कागद धरला, तर धातूत एकसारखा पांढरा पट्टा परावर्तित होतो व त्यावर खोदकामाची रेघ काळी उठून दिसते. उलट, न चमकणाऱ्या पृष्ठावरील उठाव पाहण्यासाठी प्रकाश जवळजवळ आडवा टाकावा म्हणजे सावल्या लांबतात. हिऱ्यातील अंतर्गत दोष शोधताना पार्श्वभूमी काळी ठेवून केवळ बाजूंनी प्रकाश सोडतात. दोष त्यामुळे काळोखात तेजस्वी ठिपक्यांसारखे दिसतात. हिऱ्याचा रंग ठरविताना मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीवर हिरा पालथा ठेवून विसरित प्रकाशात पाहतात. एकाच खड्यासाठी दोन परस्परविरोधी प्रकाशयोजना लागतात, ही गोष्ट बोधप्रद आहे.

उत्तरेचा उजेड व वर्ण : रत्नपारखी व चित्रकार उत्तरेकडील खिडकीचा उजेड उत्तम मानतात, कारण तो ऊन नसलेल्या आकाशाचा असतो. हा संकेत यूरोपसारख्या उत्तर अक्षांशांच्या प्रदेशात विशेष रूढ झाला. नवी मुंबई सु. १९° उ. अक्षांशावर आहे. येथे मार्चच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य पूर्वबिंदूच्या उत्तरेकडे उगवतो आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर माध्यान्हीही तो खस्वस्तिकाच्या उत्तरेस असतो. म्हणून मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीवरही छपरी किंवा पडदा लागतो. त्यानंतर पावसाळा सुरू होतो आणि उन्हाऐवजी उजेडाच्या कमतरतेचा प्रश्न उभा राहतो.

पेणच्या कार्यशाळांत याची झळ अधिक जाणवते. भाद्रपदातील गणेशचतुर्थीसाठी रंगकामाची घाई आषाढ-श्रावणात असते आणि त्या वेळी आकाश दिवसेंदिवस ढगाळ असते. डोळ्यांची आखणी सर्वांत कसबी कारागिराकडे असते. बुबुळाची जागा अर्धा मिमी. हलली, तरी मूर्तीची नजर बिघडते व ती भाविकाकडे पाहत नाहीशी वाटते. या कामाला मोठ्या विवर्धनाची गरज नसते. उलट, अधिक शक्तीच्या भिंगातून एकच डोळा दिसतो आणि दोहोंतील समतोल साधणे कठीण जाते. चाळिशीचा योग्य चष्मा व चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी सारखा पडणारा प्रकाश एवढे पुरे असते. दिवा एकाच बाजूला असल्यास भुवईची सावली बुबुळावर येते व कारागीर नकळत ती भरून काढण्यासाठी रेघ जाड करतो.

दिव्याच्या रंगाबाबतही येथेच फसगत होते. तापदीप्त दिव्याचे वर्णतापमान सु. २,७०० केल्व्हिन, तर प्रमाण दिनप्रकाशाचे सु. ६,५०० केल्व्हिन असते. एका प्रकाशात सारख्या दिसणाऱ्या दोन छटा दुसऱ्या प्रकाशात वेगळ्या दिसू शकतात. कार्यशाळेत जुळविलेला देहाचा रंग मखरातील पिवळ्या दिव्यांत पालटतो, तो यामुळे. अंतिम हात फिरविण्यापूर्वी मूर्ती दोन्ही प्रकारच्या दिव्यांत पाहणे श्रेयस्कर ठरते. पांढरे एलईडी दिवे आता सर्वत्र आहेत (ते ज्या निळ्या एलईडीवर आधारलेले आहेत, त्याच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले). त्यांच्या वेष्टनावर वर्णप्रदर्शन निर्देशांक छापलेला असतो. रंगाच्या कामासाठी तो ९० च्या वर असावा. तथापि हा सर्वसाधारण निर्देशांक आठ सौम्य रंगछटांवरून काढतात व त्यांत गडद लाल रंग नसतो. निर्देशांक बरा असूनही माणिक किंवा कुंकवाचा रंग मळकट दिसल्यास दिवा बदलावा. स्वस्त दिव्यांत विजेच्या ५० हर्ट्झ कंप्रतेमुळे प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. फिरत्या चाकावर पैलू घासताना हा दोष धोक्याचा आहे, कारण वेगात फिरणारे चाक स्थिर किंवा हळू फिरत असल्याचा भास होतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या सतराव्या कलमात पुरेशा व योग्य प्रकाशाची, तसेच डोळे दिपविणारी चमक व डोळ्यांवर ताण आणणाऱ्या सावल्या टाळण्याची तरतूद होती. मोजक्या माणसांची घरगुती कार्यशाळा मात्र या अधिनियमाच्या कक्षेत येत नसे, आणि सूक्ष्म काम तर बहुतांशी तेथेच चालत आले आहे. अशा ठिकाणी थोड्या खर्चाचे उपायही उपयोगी पडतात. भिंती व छत पांढरे केल्याने सावल्या मऊ होतात. दिव्यावरील व भिंगावरील धूळ आणि जिल्हईची पूड आठवड्यातून एकदा पुसली, तरी उजेडात जाणवण्याइतका फरक पडतो. भिंग कोरड्या फडक्याने पुसू नये. पुडीतील कठीण कणांनी काचेवर ओरखडे उठतात. ते आधी फुंकून किंवा पाण्याने धुऊन मग मऊ सुती कापडाने टिपावे.