तीस अंशांचा काठ

महागड्या ड्रमसेटची पारख सुरू झाली की बोलणं लगेच लाकडावर येतं. मेपल गोड, बर्च टणक, महॉगनी भरीव अशी विशेषणं दुकानदारापासून वादकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतात आणि त्यांच्या जोरावर मोठमोठे व्यवहार होतात. लाकडाला काहीच महत्त्व नाही असं कुणी म्हणणार नाही. पण उत्तम ड्रमचं मोल लाकडाच्या जातीत थोडं आणि त्या लाकडाच्या घडणीत फार जास्त असतं, असं माझं ठाम मत आहे. ड्रमचं पिंप, म्हणजे शेल, किती गोल आहे, त्याचा काठ किती सपाट कापला आहे, त्यावर बसणारी रिम किती ताठ आहे, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की ड्रमविषयी बहुतेक सगळं कळतं. हे पटवायला अमेरिकेतल्या ग्रेच ड्रमचं उदाहरण घ्यावं. इतक्या दंतकथा फार थोड्या वाद्यांभोवती जमल्या असतील, आणि त्या दंतकथांच्या मुळाशी असलेली साधी कारणंही इथे स्पष्ट दिसतात.

कंपनीचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. जर्मनीतून आलेल्या फ्रीडरिक ग्रेच यांनी १८८३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात बँजो, डफ आणि ड्रम बनवायला सुरुवात केली. १८९५ मध्ये ते वारले, तेव्हा किशोरवयातल्या मुलाने, फ्रेडने, धंदा हाती घेतला आणि १९१६ मध्ये ब्रुकलिनच्या ब्रॉडवेवर दहा मजली इमारत उभी केली. पुढे १९६७ मध्ये कंपनी बाल्डविनला विकली गेली, उत्पादन आर्कान्सासला हललं, आणि १९८५ मध्ये घराण्यातल्या चौथ्या पिढीने ती परत मिळवून ड्रमचं काम साउथ कॅरोलायनातल्या रिजलंडला नेलं. ब्रुकलिनमध्ये, न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबांपासून हाकेच्या अंतरावर असल्याचा कंपनीला मोठा फायदा झाला. मॅक्स रोच, आर्ट ब्लेकी, एल्विन जोन्स, टोनी विल्यम्स ही सगळी मंडळी ग्रेच वाजवत. १९६० च्या एप्रिलमध्ये बर्डलँड क्लबात चार ड्रमरांना एकत्र बसवून कंपनीच्या नावाने एक रेकॉर्डही निघाली. रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स यांचा आवडता सेट १९५७ सालचा ग्रेचच होता. या नामावळीने ड्रमचा लौकिक सिद्ध होतो. त्याचा आवाज असा का येतो, हे मात्र त्यातून कळत नाही.

त्यासाठी वरचं हेड, म्हणजे काठी पडते तो ताणलेला पडदा, काढून आत पाहायला हवं. शेलच्या तोंडाशी लाकूड तिरपं कापून एक धार केलेली असते. वादक तिला बेअरिंग एज म्हणतात. आपण काठ म्हणू. हेड शेलला फक्त इथेच टेकतं. पाच ड्रमच्या सेटमध्ये वरखाली मिळून असे दहा काठ असतात, आणि काठीचा प्रत्येक आघात हेडमधून शेलमध्ये जातो तो या अरुंद रेघेतूनच. बऱ्याच कंपन्या हा काठ पंचेचाळीस अंशांत कापतात. तो धारदार असतो, हेडला कमीत कमी शिवतो, त्यामुळे आवाज झळकतो आणि लांबतो. ग्रेचचा काठ तीस अंशांचा आहे. हा उतार जास्त सपाट असल्याने हेडचा थोडा अधिक भाग लाकडावर टेकतो, वरच्या झणझणाटाला तिथेच लगाम बसतो आणि मूळ स्वर पुढे येतो. बोटाचं टोक काठावरून सावकाश फिरवलं तर चांगल्या शेलवर ते कुठेच अडखळत नाही; थरांच्या सांध्यापाशीसुद्धा नाही. वाईट शेलवर त्याच सांध्यापाशी अगदी किंचित खळगा लागतो. डोळ्याला तो दिसतही नाही, पण कानाला तो हमखास सापडतो.

याचं कारण भौतिकशास्त्रात आहे, आणि ते समजून घ्यायला तबल्याएवढा चांगला सोबती नाही. गोल ताणलेल्या पातळ पडद्यावर आघात झाला की एकाच वेळी अनेक कंपनं उठतात. मूळ स्वर १ धरला तर पुढची कंपनं १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा पटींत येतात. तारेसारखी सरळ दुप्पट-तिप्पट येत नाहीत, म्हणून नुसत्या पडद्याला पक्का सूर नसतो. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाईचं वजन दिल्यामुळे ही कंपनं पूर्णांकी पटींच्या जवळ येतात. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये यावर लिहिलं आणि १९३४ मध्ये रामन यांनी भारतीय चर्मवाद्यांवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. ड्रमच्या हेडला शाई नाही. तेव्हा त्याची कंपनं एकमेकांशी कधीच नीट जुळणार नाहीत; ते त्याच्या जातीतच आहे. शोभा गुर्टू यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू जमिनीवर बसून तबला आणि ड्रम एकाच मांडणीत वाजवतात, तेव्हा या दोन जाती शेजारी शेजारी ऐकू येतात. ड्रम बनवणाऱ्याच्या हाती उरतं ते एवढंच की जी कंपनं आहेत ती स्वच्छ राहावीत. पडद्याची काही कंपनं जोडीने येतात: दोन वेगवेगळ्या दिशांना, पण एकाच कंपनसंख्येची. ताण सगळीकडे सारखा असला तर ही जोडी एकच ऐकू येते. काठ एका जागी खोल असला, शेल लंबगोल झाला असला, तर जोडी फुटते. एक कंपन १८० हर्ट्झचं, दुसरं १८३ चं झालं की सेकंदाला तीन झोके ऐकू येतात, आणि टॉम नावाच्या ड्रमवर एक ठोका मारल्यावर त्याची आस हेलकावे खात विरते. हा दोष लाकूड बदलून जात नाही.

इथे रिमची गोष्ट येते, आणि ग्रेचचं एक जुनं वेगळेपण कळतं. या कंपनीच्या बारा इंची टॉमला पाचच लग, म्हणजे रिम आवळणारे टेन्शन रॉड ज्यात बसतात त्या जागा, असतात. इतरत्र बहुधा सहा असतात. पाच हा विषम आकडा असल्याने समोरासमोर लग येतच नाहीत, आणि ड्रम लावताना चांदणी काढल्यासारखं एक सोडून एक जावं लागतं. इतक्या कमी जागी धरूनही ताण सारखा कसा राहतो? तर ग्रेचची रिम साच्यात ओतलेली असते, पत्रा वळवून केलेली नसते. ती जड आणि ताठ असते, म्हणून दोन लगांच्या मधल्या भागातही ती वाकत नाही आणि हेडवर सगळीकडे सारखी दाबून बसते. तिचं वजन वरच्या कंपनांनाही आवर घालतं आणि रिमवर मारलेली काठी खणखणीत कडाडते. काही वादकांना ही रिम गुदमरवणारी वाटते आणि ते वळवलेल्या पत्र्याची रिम पसंत करतात. तो आवडीनिवडीचा भाग झाला. ताठ रिम लावायला सोपी पडते आणि लावलेला ड्रम जागेवर टिकतो, एवढं मात्र नक्की.

मग पारख करायची कशी? शेल सपाट ग्रॅनाइटच्या लादीवर किंवा जाड काचेवर पालथा ठेवून आत दिवा लावायचा. जिथून उजेड झिरपतो तिथे काठ उणा आहे. एक पाय आखूड असलेल्या चौरंगासारखा शेल डुलला तर पुढचं काही पाहायचीही गरज नाही. तीन-चार ठिकाणी आरपार व्यास मोजायचा. टेन्शन रॉड बोटांनी फिरवून पाहायचे. चावी न लावता ते सुरळीत फिरले पाहिजेत. मग हेड बसवून प्रत्येक लगापाशी हलक्या हाताने टिचकी मारायची. तबला घेणारा माणूस सोळाही घरं एकेक करून ऐकतो, कुठलं घर चढलं, कुठलं उतरलं ते पाहतो, तसंच. पण इथे थांबू नये. एका विशिष्ट उंचीवर बेताचा ड्रमही चावीने ओढूनताणून सारखा करता येतो. खरा निकाल लागतो तो टॉम आधी अगदी खाली, मग मध्यावर, मग वर चढवून. तिन्ही ठिकाणी तो झोका न घेता बोलला तर काठ आणि रिम दोन्ही चोख आहेत. ज्या ड्रमची एकच उंची गोड लागते, तो दुकानात छान वाजतो, घरी नेल्यावर मालकाला छळतो. आणि वाजवताना हळूही वाजवून पाहावं. जोरात मारल्यावर जवळजवळ कुठलाही ड्रम बोलतो. हळू आघाताला उत्तर देणारा ड्रम क्वचित मिळतो.

लाकडाची बाजू घेणारे यावर आक्षेप घेतील की ग्रेचची ख्याती तर मेपल आणि गम या लाकडांच्या सहा थरांची आहे, आणि आतल्या बाजूला असलेल्या चंदेरी रंगाचीही. शेलची जाडी, वजन, ताठपणा यांनी आवाज बदलतो हे मान्य. पण हे गुण लाकडाच्या नावापेक्षा थर कसे चिकटवले आणि घडवले यावर जास्त ठरतात. लेड झेपेलिनचे जॉन बॉनम १९७० च्या दशकात लुडविगचे ॲक्रिलिकचे पारदर्शक ड्रम वाजवत होते. त्यात लाकूड औषधालाही नव्हतं, आणि त्यांच्या आवाजाचा दरारा आजही आहे. चंदेरी रंगाबद्दल मला एवढंच वाटतं की सहा थरांच्या भिंतीपुढे रंगाच्या पातळ लेपाचं ध्वनीतलं काम नगण्य असणार. लाकडात ओल शिरू न देणं हे त्याचं खरं काम, आणि ते मोलाचं आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घडणीची अचूकता हेच सगळं असेल तर जुन्या ग्रेचला एवढी मागणी का? १९६० आणि १९७० च्या दशकांतले अनेक ग्रेच शेल प्रमाणापेक्षा किंचित मोठे आहेत. १९५७ साली रेमो बेली यांची प्लॅस्टिकची हेड बाजारात आली आणि कातड्याची हेड मागे पडली. कातडं ओलं करून हव्या त्या मापाला बसवता येत असे. प्लॅस्टिकचं माप कारखान्यात ठरलेलं असतं, म्हणून ते या शेलवर घट्ट अडकतं. त्यांचे काठही हाताने कापलेले, सगळे सारखे नाहीत. याला माझं उत्तर असं की आज जे जुने ड्रम गाजतात ते निवडून उरलेले आहेत. वाईट निघाले ते कधीच अडगळीत गेले, आणि जे उरले त्यातल्या अनेकांचे काठ नंतर कारागिरांनी पुन्हा कापून घेतले. शिवाय जड रिमने बारीकसारीक दोष झाकले. उत्तर पूर्ण नाही हे मी जाणतो, कारण काही जुने ड्रम जसेच्या तसे असूनही सुंदर वाजतात.

खरी अडचण याच्या पुढे आहे. काठ कापणं हे काम आता संगणकावर चालणारी यंत्रं करतात, आणि ती यंत्रं स्वस्त सेट बनवणाऱ्या कारखान्यांतही आहेत. त्यामुळे मधल्या किमतीच्या सेटचा काठ आज पूर्वीच्या उत्तम सेटच्या तोडीचा असू शकतो. त्यावर चांगली हेड चढवली आणि जाणत्या माणसाने तो लावला, तर पाच-सात मीटरवर बसलेल्या श्रोत्याला फरक सांगता येणार नाही. याचा अर्थ मी ज्याला ड्रमचा गाभा म्हणतो तोच आता स्वस्त झाला आहे, आणि महागड्या कंपन्यांपुढे प्रश्न आहे की जास्तीचे पैसे कशाचे घ्यायचे. रिजलंडच्या ड्रमचं उत्पादन आणि वितरण २०१५ मध्ये डीडब्ल्यू कंपनीकडे गेलं आणि २०२२ मध्ये डीडब्ल्यूच रोलँडने घेतली. म्हणजे हाताने घडवलेल्या लाकडी ड्रमची जबाबदारी आज इलेक्ट्रॉनिक वाद्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीकडे आहे. रेकॉर्डिंगने तर हा पेच आधीच वाढवलेला आहे. फिल कॉलिन्स यांच्या १९८१ च्या ‘इन दी एअर टुनाइट’मधला तो गाजलेला ड्रमचा आवाज ह्यू पॅडगम यांनी मिक्सिंग टेबलावर, प्रतिध्वनी मध्येच तोडून घडवला. आज प्रत्येक ड्रमला चिकटून माइक लावतात आणि पुष्कळदा वाजवलेल्या ठोक्याच्या जागी आधीच साठवलेला ठोका बसवतात. ते झालं की शेलचा काठ तीस अंशांचा होता की पंचेचाळीसचा, याला काही अर्थ उरत नाही. तरीही बोटांना जे कळतं ते वादकाला वाजवताना कळतंच, आणि उत्तर देणाऱ्या ड्रमवर तो वेगळं वाजवतो. साठवलेला ठोका त्याचा आवाज बदलेल, हाताने निवडलेली जागा बदलणार नाही.

आपल्याकडे या अडचणींत हवेची भर पडते. प्लॅस्टिकच्या हेडला पावसाळ्याचं भय नाही, पुडीला असतं तसं. पण काठावर लाकूड उघडंच असतं, आणि मुंबई-गोव्याच्या दमट हवेत ते ओल पितं. दिवसभर एसीत आणि रात्रभर बंद खोलीत राहणाऱ्या सेटचे थर तर सतत फुगत-आकसत राहतात. काठावर मेणाचा हात फिरवणं हा त्यावरचा साधा उपाय आहे आणि तो प्रत्येक हेडबदलाला करावा. रिमवरच्या क्रोमला खाऱ्या वाऱ्यात बारीक खड्डे पडतात, त्याला पुसत राहण्याखेरीज इलाज नाही. आणि कुणाच्या हाती एखादा जुना ग्रेच आला आणि त्याचा काठ लादीवर डुलू लागला, तर त्याला ठरवावं लागेल. काठ पुन्हा कापून घेतला तर आवाज सुधारेल, पण कापताना दर वेळी थोडं लाकूड जातं, शेल बुटका होतो, आणि तो मूळ रूपात हवा असणारं गिऱ्हाईक त्याचे कमी पैसे देतं. वाजवायला घेतला असेल तर तो कापून घ्यावा, असं मी म्हणेन, आणि कापणाऱ्याला उतार तीस अंशांचाच ठेवायला सांगावं.