सीबी पॉइंटपासून क्रँक सेन्सरपर्यंत

पेट्रोल इंजिनात ठिणगी कधी पडावी हा प्रश्न इंजिनाइतकाच जुना असला, तरी क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीचे फिरत्या गतीत रूपांतर करणारा दांडा, त्या क्षणी कोणत्या कोनात आहे हे थेट त्याच्यावरच मोजण्याची पद्धत मोटारींत रुळायला विसाव्या शतकाची शेवटची दशके उजाडावी लागली. चार्ल्स केटरिंग यांनी 1910 च्या सुमारास विकसित केलेल्या प्रज्वलन पद्धतीत ठिणगीची वेळ साधण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधील, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागातील, सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट करीत. कॅमच्या उंचवट्याने ही धातूची टोके विलग झाली की कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह तुटे आणि दुय्यम वेटोळ्यात काही हजार व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगवर ठिणगी पडे.

या रचनेचा दोष केवळ पॉइंट जळण्याचा किंवा त्यांमधील सुमारे 0.4 मिलिमीटरचे अंतर फीलर गेजने वारंवार लावावे लागण्याचा नव्हता. डिस्ट्रिब्युटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे तेथील एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होई, आणि दोहोंमधील गिअर व साखळी यांच्या ढिलेपणाची त्यात भर पडे. क्रायस्लरने 1973 च्या अमेरिकी मॉडेलांपासून पॉइंटऐवजी चुंबकीय पिकअप सरसकट वापरला तेव्हा झीज संपली, ढिलेपणा मात्र राहिला, कारण मोजणी अजूनही डिस्ट्रिब्युटरमध्येच होत होती. बॉशची मोट्रॉनिक प्रणाली 1979 मध्ये बीएमडब्ल्यू 732आय या गाडीत आली, आणि प्रज्वलन व इंधन-फवारणी एकाच संगणकाकडे सोपविणाऱ्या या प्रणालीने मोजणी क्रँकशाफ्टच्या टोकावरील फ्लायव्हीलवर नेली. तेथे एक सेन्सर स्टार्टर-रिंगचे दाते मोजून वेग सांगे, तर दुसरा एका खुणेवरून शून्य-स्थान ओळखे.

पुढे ही दोन्ही कामे एकाच सेन्सरवर आली, आणि त्यामागील युक्ती या साऱ्या इतिहासातील सर्वांत चतुर म्हणावी लागेल. क्रँकशाफ्टसोबत फिरणाऱ्या चकतीवर दर 6 अंशांवर एक अशी 60 दात्यांची जागा आखून त्यांतील दोन दाते मुद्दाम गाळले जातात. सेन्सरसमोरून ही मोकळी जागा गेली की संगणकाला शून्य-स्थान सापडते आणि तेथून तो दाते मोजत राहतो. सहा अंशांहून सूक्ष्म कोन तो दोन दात्यांमधील कालावधी विभागून काढतो, आणि याची निकड आकड्यांवरून ध्यानात येते: मिनिटाला 6000 फेऱ्यांच्या वेगात एक अंश सरकायला सेकंदाचा केवळ 36,000 वा भाग लागतो. चार-स्ट्रोक इंजिनाचे चक्र दोन फेऱ्यांचे असल्याने पिस्टन वर आला तो दाबाच्या स्ट्रोकमध्ये की उत्सर्जनाच्या, हे मात्र या चकतीला सांगता येत नाही. त्यासाठी कॅमशाफ्टवर वेगळा सेन्सर लागतो.

आरंभीचे सेन्सर प्रेरण-तत्त्वावर चालत, म्हणजे चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यासमोरून लोखंडी दाता गेला की चुंबकीय क्षेत्र बदलून त्यात विद्युत्-दाब निर्माण होई. बाहेरून वीजपुरवठा लागत नसे, हा मोठाच गुण; परंतु दाब वेगाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे स्टार्टर इंजिन सावकाश फिरवीत असताना, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, संकेत सर्वांत क्षीण असे. एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेल्या सेन्सरने ही उणीव दूर केली, कारण तो वेगावर अवलंबून न राहता स्वच्छ चौकोनी स्पंद देतो.

अमेरिकेत 1996 च्या मॉडेलांपासून ओबीडी-2 ही निदान-व्यवस्था सक्तीची झाली आणि या सेन्सरला अनपेक्षित असे दुसरे काम मिळाले: एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटले नाही, तर क्रँकचा वेग क्षणभर मंदावतो आणि दात्यांमधील कालावधीच्या सूक्ष्म फरकावरून ते ओळखता येते. भारतात कार्ब्युरेटर जाऊन इंधन-फवारणी आली तसा हा सेन्सर गॅरेजांतही परिचित झाला, आणि तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा चालू होणारी गाडी हे त्याच्या बिघाडाचे ठळक लक्षण ठरले. पॉइंट झिजले तर गाडी ओढ कमी करी, पण चालत राही. क्रँक सेन्सर गेला की बहुतेक इंजिने जागच्या जागी थांबतात. एरवीही इंजिन थांबताना क्रँक काही अंश उलट फिरू शकतो, आणि सिग्नलवर आपोआप बंद होऊन चालू होणाऱ्या गाड्यांना चटकन सुरू होण्यासाठी तो कोठे विसावला हे ठाऊक असावे लागते; म्हणून अशा गाड्यांत फिरण्याची दिशाही ओळखणारे सेन्सर बसवले जातात.