कापरेकरांची सतरा अंकी संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या कुणी गंमत म्हणून रचली असावी, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात ती एका गुणाकाराचे उत्तर आहे : १११११११११ × १११११११११. हा गुणाकार कागदावर मांडला तर नऊ ओळी होतात आणि प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते. कडेच्या रकान्यात एक, पुढच्यात दोन, असे वाढत मधल्या रकान्यात नऊ एक जमतात. कोठेही दहा भरत नाहीत. त्यामुळे हातचा येत नाही आणि रकान्यांच्या बेरजा जशाच्या तशा उत्तरात उतरतात. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या रकान्यात हातचा येतोच. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. आठाचा अंक डाव्या बाजूने गळालेला असतो.

देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटले. डेम्लो हे डोंबिवली स्थानकाचे जुने नाव. ही कल्पना त्यांना तेथे सुचली, असे सांगितले जाते. त्यांची व्याख्या केवळ या वर्गांपुरती नव्हती. मधला ९ बाजूला ठेवून उरलेल्या दोन भागांची, १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची, बेरीज केली तर ९९९९९९९९ मिळतात. दोन टोकांच्या बेरजेत मधलाच अंक पुन्हा पुन्हा यावा, ही डेम्लो संख्येची खूण.

कापरेकरांनीच नाव दिलेल्या 'हर्षद' वर्गातही ही संख्या बसते. हर्षद म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी. येथे बेरीज ८१ आणि भागाकार १५२४१५७८९९७१०४१. दहा एकांच्या वर्गात अंकांची बेरीज ८२ भरते. विषम संख्येला ८२ ने निःशेष भाग जाणे शक्यच नाही, म्हणजे हाही गुण तेथे संपतो.

इंग्लंडचे जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात अंकांच्या असल्या करामती कोड्यांच्या सदरापुरत्या ठरवल्या होत्या. मत कठोर असले तरी त्यात तथ्य आहे. हीच संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत लिहिली, तर दोन्ही बाजूंनी सारखी वाचता येत नाही. तो डौल दशमान लेखनाचा आहे. तिची मूळ अवयवांची घडण मात्र कोणत्याही लेखनात तशीच राहते : ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. त्यावरून तिचे विभाजक ४५ निघतात. पूर्ण वर्गाचे विभाजक नेहमीच विषम असतात. स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते. म्हणून परिपूर्ण संख्येच्या मानाने ती बरीच उणी.

तरीही हार्डींचा निकाल कापरेकरांना जसाच्या तसा लावणे अन्यायाचे होईल. हातात पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाकडे भारतातील अनेक गणितज्ञांनी फारसे लक्ष दिले नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तरीत पोहोचले होते.