शरीराबाहेर यकृताची परीक्षा

रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याच्या पट्ट्यात अपघात होऊन डोक्याला जबर मार बसला, तर रुग्णाला बहुतेकदा पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते. तिथल्या अतिदक्षता विभागात मेंदू मृत झाल्याची शंका आली, तर १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं. मग अवयवदानाचा विषय निघतो. काल सकाळी डबा घेऊन बाहेर पडलेल्या माणसासाठी घरच्यांनी आज होकार द्यायचा असतो. त्यानंतर अवयव कुणाला द्यायचा, हे मुंबईची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती प्रतीक्षायादीवरून ठरवते.

एवढं होऊनही यकृत नाकारलं जाऊ शकतं.

ते चरबीने भरलेलं असतं, दात्याचं वय जास्त असतं, किंवा त्याचा रक्तदाब बराच वेळ खाली गेलेला असतो. शल्यचिकित्सक रंग पाहतो, कडा चाचपतो, वाटल्यास तुकडा तपासायला पाठवतो. मग यकृत बर्फाच्या पेटीत, चार अंशांच्या आसपास जातं. थंडीत पेशींचं काम जवळपास थांबतं, म्हणून ते टिकतं. पण काम थांबल्यामुळे ते पुढे चालेल की नाही, हेही कळत नाही. साधारण बारा तासांच्या आत निर्णय घ्यावाच लागतो. चुकीचं यकृत बसवलं तर रुग्णाच्या जिवावर बेतेल, या भीतीने संशयाला जागा असलेलं यकृत बाजूला ठेवलं जातं. यात डॉक्टरांना दोष देता येत नाही. तपासायला साधनच नव्हतं.

ऑक्सफर्डमध्ये पीटर फ्रेंड आणि कॉन्स्टँटिन कूसिओस यांनी विकसित केलेल्या ‘ऑर्गनऑक्स मेट्रा’ यंत्राने ते साधन दिलं. त्यावर ठेवलेल्या यकृताचं माणसातलं पहिलं प्रत्यारोपण २०१३मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये झालं. यंत्रात पंप, प्राणवायू मिसळणारा भाग आणि ऊब देणारी व्यवस्था असते. यकृताची धमनी आणि प्रवेशिका शीर नळ्यांना जोडतात आणि रक्तपेढीतल्या तांबड्या पेशी ३७ अंशांवर आतून फिरवतात. फिकट पडलेला अवयव बघता बघता तांबूस-तपकिरी होतो. पित्तनलिकेतल्या नळीतून पिवळसर-हिरवट पित्त थेंब थेंब पिशवीत साठू लागतं.

ठरावीक वेळाने रक्ताचा नमुना काढतात. सर्वांचं लक्ष लॅक्टेटवर, म्हणजे पेशींच्या कामातून रक्तात येणाऱ्या आम्लावर असतं. जिवंत यकृत ते संपवतं, मरत चाललेलं संपवू शकत नाही. बर्मिंगहॅमच्या चमूने चार तासांत लॅक्टेट २.५ मिलिमोल प्रति लिटर किंवा त्याखाली यावं, अशी अट ठेवली. सोबत पित्त, आम्लता, रक्तप्रवाह यांच्याही खुणा पाहिल्या. ब्रिटनमधल्या सगळ्या केंद्रांनी नाकारलेली ३१ यकृतं त्यांनी यंत्रावर लावली. त्यातली २२ बसवता आली आणि नव्वद दिवसांनी सगळे २२ रुग्ण हयात होते. २०२०मध्ये हे प्रसिद्ध झालं.

पण त्याच अहवालातली दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढे चौघांच्या पित्तनलिका आकसल्या आणि त्यांना पुन्हा प्रत्यारोपण लागलं. म्हणजे पेशी तगल्या तरी पित्तनलिका तगतीलच असं नाही. म्हणून नेदरलँड्सच्या ग्रोनिंगनमधले डॉक्टर पित्ताचं प्रमाण पाहून थांबत नाहीत, त्याचा पीएचही मोजतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण त्यांनी नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवलं.

यंत्र महाग आहे आणि दर यकृतामागे नळ्यांचा नवा संच लागतो. पण ते पेणला किंवा रोह्याला आणून ठेवायची गरज नाही. बर्मिंगहॅममध्येही यकृतं बर्फातून आली आणि केंद्रावर पोहोचल्यावर यंत्राला जोडली गेली. मुंबईत प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांनी एक यंत्र सामायिक ठेवलं, त्याचा खर्च सरकारी योजनेतून भागवला आणि प्रत्येक संशयास्पद यकृत आधी त्यावर तपासायचा नियम केला, तर रायगडमधल्या घरांनी दिलेल्या होकारालाही पूर्ण संधी मिळेल.