थांबलं तर स्वस्त मिळतं

फेब्रुवारी 2009. लास वेगासला गेम बनवणाऱ्यांची परिषद भरली होती आणि व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूएल व्यासपीठावरून आपल्या दुकानाचे आकडे सांगत होते. दुकान म्हणजे स्टीम, संगणकावरचे गेम इंटरनेटवरून विकणारं. आदल्या नाताळच्या सेलमध्ये त्यांनी वेगवेगळ्या गेमवर वेगवेगळी सवलत ठेवून पाहिली होती. जिथे 10 टक्के सूट होती तिथे विक्रीची रक्कम 35 टक्क्यांनी वाढली. 25 टक्क्यांना ती 245 टक्क्यांनी वाढली, 50 टक्क्यांना 320 आणि 75 टक्क्यांना 1470 टक्क्यांनी. हे आकडे प्रतींचे नव्हते, डॉलरचे होते. पाव किमतीत विकूनही गल्ला पंधरापटींवर गेला होता. म्हणजे प्रती साठपटींहून जास्त खपल्या असणार.

त्या काळी गेम म्हणजे डब्यातली डिस्क. दुकानदार पन्नास डॉलरला ती मांडायचा, पहिले काही आठवडे संपले की माल फळीवर धूळ खात पडायचा आणि मग नाइलाजाने भाव उतरायचा. सूट म्हणजे पडून राहिलेल्या मालाचा निचरा. डाउनलोड होणाऱ्या गेमला गोदाम नाही, वाहतूक नाही, पुढची प्रत काढायला जवळजवळ खर्च नाही. व्हॉल्व्हचाच ‘लेफ्ट 4 डेड’ नोव्हेंबर 2008 मध्ये आला होता. तीन महिन्यांनी एका शनिवार-रविवारी तो निम्म्या किमतीत दिला, तर स्टीमवरची विक्री पहिल्या आठवड्यापेक्षाही वर गेली. दुकानातल्या डब्यांचा खप त्यामुळे घटला नाही.

मला मात्र यापेक्षा मोलाचा वाटतो तो न्यूएल यांनी 2011 मध्ये एका मुलाखतीत सांगितलेला दुसरा प्रयोग. त्यांनी आपल्या एका गेमची किंमत गाजावाजा न करता कमी-जास्त करून पाहिली. किंमत उतरवली की तेवढ्याच प्रमाणात गिऱ्हाईक वाढायचं, चढवली की घटायचं. गल्ला तिथल्या तिथे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणीच्या लवचीकतेचं उदाहरण असतं, अगदी तसंच. मग त्यांनी 75 टक्के सवलत जाहीर करून, वाजतगाजत सेल लावला. आधीच्या हिशेबाने गल्ला तेवढाच राहायला हवा होता. तो चाळीसपट झाला. उद्याचे ग्राहक आजच येऊन गेले असतील, हा संशय त्यांनाही आला, पण सेल संपल्यावर विक्रीला खड्डा पडलेला दिसला नाही.

हा आकडा पुढे खूप मिरवला गेला आणि माझ्या मते चुकीचा वाचला गेला. उतरलेली किंमत दोन्ही प्रयोगांत होती. दुसऱ्यात भर पडली ती दवंडीची. लोकांना कळलं, ते एकमेकांशी बोलले, आणि सोमवारी भाव पुन्हा चढणार म्हणून त्यांनी आज खरेदी केली. किंमत ही बातमी झाली. पण पाहणाऱ्या बहुतेकांनी त्यातून ‘स्वस्त करा’ एवढंच उचललं.

त्याच वर्षांत दोघाचौघांच्या छोट्या चमूंनी ते टोकाला नेऊन पाहिलं. ‘वर्ल्ड ऑफ गू’ बनवणाऱ्या टूडी बॉयने ऑक्टोबर 2009 मध्ये गेमच्या पहिल्या वाढदिवसाला ‘वाटेल ते द्या’ असं सांगितलं. आठवडाभरात सुमारे 57,000 जणांनी घेतला. सरासरी पडली 2.03 डॉलर. एकच सेंट देणारे सर्वांत जास्त होते, तरी वीस डॉलरचा गेम यापूर्वी कधीच न घेणारे हजारो लोक त्यात होते. मे 2010 मध्ये पहिला हंबल इंडी बंडल आला आणि याच रीतीने त्याने बारा लाख डॉलरहून अधिक जमवले. लिनक्सवाले सरासरीने सर्वांत जास्त देत होते. त्यांच्यासाठी गेम बनवण्याची तसदी फारसं कुणी घेत नसे, घेणाऱ्याला ते मनापासून मोल देत होते.

आम्हीही त्या लाटेत होतो. जूनमध्ये स्टीमचा उन्हाळी सेल अमेरिकेत सकाळी दहाला उघडायचा, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. जेवणं उरकून आम्ही मित्र संगणकासमोर बसायचो, रोजचे नवे भाव बघायला. दर काही तासांनी बदलणारे फ्लॅश सेलही असत. मी घेतलेल्या कितीतरी गेमना आजतागायत हात लागलेला नाही, पण त्या रात्रींचा आनंद खरा होता.

खरेदीदार मात्र हळूहळू थांबायला शिकला. जानेवारी 2014 मध्ये गेमकार जेसन रोहरर यांनी हे स्पष्ट लिहिलं. पहिल्या आठवड्यात पूर्ण पैसे मोजणारा चाहता सर्वांत निष्ठावान, आणि सेल त्यालाच मूर्ख ठरवतो. त्यांनी ‘द कॅसल डॉक्ट्रिन’ उलट्या क्रमाने विकला, आधी स्वस्त आणि नंतर महाग. ‘माइनक्राफ्ट’ने याच वाटेने यश मिळवलं होतं. अर्धवट अवस्थेत 2009 मध्ये 9.95 युरो, डिसेंबर 2010 मध्ये बीटा आल्यावर 14.95 आणि नोव्हेंबर 2011 मध्ये पूर्ण झाल्यावर 19.95. लवकर येणाऱ्याला कधी पस्तावावं लागलं नाही.

फोनवरचा बाजार तोवर वेगळ्याच दिशेला गेला होता. 99 सेंटवरून थेट फुकटाकडे, आणि कमाई गेमच्या आत. ती गोष्ट स्वतंत्र आहे.

2015 साली दोन बदल झाले. जूनमध्ये स्टीमने रिफंड सुरू केला. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत. सकाळी घेतलेला गेम रात्री आणखी स्वस्त झाला तर परत करून पुन्हा घेता येणार. फ्लॅश सेल त्याच वर्षी संपले आणि सेलभर एकच भाव राहू लागला. मग नोव्हेंबरमध्ये स्टीमवर रुपया आला.

रुपयाचं महत्त्व परदेशी वाचकाला पटकन कळणार नाही. स्टीमवर प्रत्येक चलनातली किंमत गेमचा मालक ठरवतो, व्हॉल्व्ह फक्त सुचवते. डिसेंबर 2020 मध्ये ‘सायबरपंक 2077’ अमेरिकेत 60 डॉलरला होता. त्या दिवसांच्या दराने ते जवळपास 4,400 रुपये. आपल्याकडे तो 2,999 ला मिळत होता. हा फरक म्हणजे उपकार नव्हे. ज्या गिऱ्हाइकाने एरवी चोरीची प्रत घेतली असती, त्याच्याकडून जे काही हाती पडतं ते जवळजवळ निव्वळ उत्पन्न असतं. त्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आला. त्यांनाही एकाच गेमसाठी अनेक चलनांतली किंमत ठरवावी लागली, घरच्या ग्राहकाला परवडणारी आणि परदेशी ग्राहकाला साजेशी.

या व्यवस्थेचा गैरफायदाही घेतला गेला. श्रीमंत देशांतले लोक खातं अर्जेंटिनाचं असल्याचं भासवून तिथल्या भावात गेम घेत. 2021 मध्ये स्टीमने देश बदलण्यावर तीन महिन्यांचं बंधन घातलं. पेसो आणि लिरा घसरत राहिले, आणि 20 नोव्हेंबर 2023 ला अर्जेंटिना आणि तुर्कस्तानातले भाव डॉलरमध्ये गेले. खोटे ग्राहक हटले, पण शिक्षा भोगली ब्वेनोस आयरेस आणि इस्तंबूलच्या प्रामाणिक पोरांनी. याचा मला राग आहे.

वरच्या टोकाला किंमत चढत होती. 2020 मध्ये ‘एनबीए 2के21’ ने नव्या यंत्रांसाठी 70 डॉलर लावले, जून 2025 मध्ये निन्टेन्डोचा ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ 80 ला आला. मायक्रोसॉफ्टने ‘द आउटर वर्ल्ड्स 2’ साठी 80 जाहीर केले आणि जुलैमध्ये 70 वर परत आली. त्याच वर्षी ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन 33’ 50 डॉलरला आला आणि 33 दिवसांत त्याच्या 33 लाख प्रती गेल्या. सप्टेंबरमध्ये ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ फक्त 20 डॉलरला आला, तेव्हा गर्दीने ऑनलाइन दुकानं कोलमडली.

प्रागच्या वुबे सॉफ्टवेअरने ‘फॅक्टोरिओ’ कधीच सेलवर लावलेला नाही, आणि लावणार नाही असं ते उघड सांगत आलेत. फेब्रुवारी 2016 मध्ये तो स्टीमवर 20 डॉलरला आला, एप्रिल 2018 मध्ये 30 झाला. जानेवारी 2023 मध्ये त्यांनी कळवलं की 26 तारखेपासून किंमत 35 होईल, 2016 पासूनच्या महागाईमुळे. ज्याला जुन्या भावात हवा, त्याच्यासाठी मधले काही दिवस मोकळे होते.