नव्या ब्लॉकची किल्ली घेण्यापूर्वी

साडी घेताना आपण पदर उलटून पाहतो, भेंडी घेताना टोक मोडून पाहतो. आणि ज्याच्यापायी पंधरा-वीस वर्षं हप्ते फेडायचे, त्या ब्लॉकचं काय? तिथे बिल्डरने दिलेला पेढा तोंडात टाकायचा आणि ताबापत्रावर सही करून मोकळं व्हायचं!

मैत्रिणींनो, आमच्या विश्रामबागेत जुने बंगले जाऊन अपार्टमेंट उभी राहताहेत. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली (धोक्याची पातळी 45), तेव्हापासून सांगलीत घर घेणारा पूररेषा विचारतोच. पण पुराचं पाणी कधीतरी येतं. न्हाणीघरातलं रोज छळतं. माझ्या जाऊबाईंच्या नव्या ब्लॉकमध्ये फरशीचा उतार जाळीकडे नव्हे, दाराकडे निघाला. भावोजींचा फंड त्या घरात गेलेला, आणि ह्या सकाळ-संध्याकाळ फडकं घेऊन बसलेल्या!

म्हणून जाताना बादली न्याच. पाणी ओता आणि ते कुठे धावतं ते बघा. मग जाळीत फडकं कोंबून उंबऱ्याच्या आत दोनेक इंच पाणी एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी खालच्या ब्लॉकचं छत ओलावलं, तर फरशीखालचं जलरोधक काम कच्चं आहे. वरच्या मजल्यावरही हीच परीक्षा करायला लावा, कारण त्यांचं पाणी तुमच्या डोक्यावर यायचं असतं. जमलं तर ताबा पावसाळ्यानंतर घ्या. भिंती आपण होऊन बोलतात.

फरशीवर रुपयाच्या नाण्याने ठोका. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. खलबत्ता पडला की तडा गेलाच. गिलाव्यावरच्या केसासारख्या रेषांना घाबरू नका. खांब-तुळईच्या सांध्याजवळची तिरपी, रुंद भेग मात्र इंजिनियरला दाखवा. इथे 1947 पासून वालचंद कॉलेज आहे, इंजिनियर शोधायला लांब जायला नको!

प्रत्येक प्लगला मोबाइलचा चार्जर लावून बघा. मुख्य बोर्डावर 'टी' लिहिलेलं बटण असेल तर दाबा. वीज लगेच गेली पाहिजे, शॉकपासून वाचवणारा स्विच तोच. ओट्यापाशी उभ्या राहा, हात कुठे पोचतो बघा. ही तपासणी पुरुषमंडळी करत नाहीत, बरं का!

टेपने खोल्या मोजा. चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहा, "येतंय हो" यावर जाऊ नका.

प्रकल्प महारेरात नोंदलेला आहे ना, हे आधीच विचारा. जागा 500 चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर ही नोंदणी लागत नाही, आणि आपल्याकडे अशा लहान इमारती पुष्कळ. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. कळवायचं ते लेखीच, फोनवर नव्हे.

ताबापत्रात बहुधा 'ब्लॉक सुस्थितीत मिळाला' असं छापलेलं असतं. त्याखाली सापडलेल्या दोषांची यादी आपल्या हाताने लिहा, तारीख घाला, बिल्डरची सही घ्या, आणि एक प्रत घरच्या फाइलला लावा.